वाचकांचे प्रश्न : झिर्कोनियाची कॅप आणि तिच्या खालचा दात

घाटंजीत दवाखाना सुरू करून मला बावीस वर्षं झाली. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत पूर्वी किडलेली दाढ, सुजलेली हिरडी, हलणारा दात हेच असायचं. या खेपेला मात्र निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे, झिर्कोनिया. त्यातली पाच पत्रं निवडली. लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही.

राळेगाव तालुक्यातून एक शेतकरी लिहितात : खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं. डॉक्टरांनी कॅपचे तीन भाव सांगितले. धातूची दोन हजार, धातूवर सिरॅमिक चार हजार, झिर्कोनिया नऊ हजार. झिर्कोनियासोबत पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. आमचा सोनार म्हणतो, झिर्कोनिया म्हणजे अमेरिकन डायमंडच. कापसाचा चुकारा नुकताच हाती आलाय. एवढा खर्च करावा का?

भाऊ, तुमच्या सोनाराचं निम्मं बरोबर आहे. अमेरिकन डायमंडचा खडा आणि झिर्कोनियाची कॅप यांचं मूळ द्रव्य एकच, झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. क्लाप्रोथ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1789 मध्ये श्रीलंकेतल्या एका खड्यात या मूलद्रव्याचा पत्ता लागला. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही त्याचं खनिज आहे. फरक पडतो तो आतल्या कणांच्या घडणीत. खड्यातल्या घडणीतून उजेड आरपार जातो, म्हणून तो चमकतो. दाढेच्या कॅपमधले कण एका वेगळ्या घडणीत अडकवून ठेवलेले असतात आणि सगळी ताकद त्या अडकवण्यात आहे.

नुसतं शुद्ध झिर्कोनिया भट्टीत भाजलं तर थंड होताना, साधारण 1170 अंशांच्या खाली आलं की त्याचे कण घडण बदलतात, चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि वस्तू आपोआप तडकते. त्यात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलं की ती बदलाची क्रिया थोपवली जाते. कण थंड झाल्यावरही गरम असतानाच्या घडणीतच राहतात. पुढे कधी चावताना कॅपला बारीक चीर जायला लागली, की चिरेच्या टोकाशी ताणात सापडलेले कण सुटतात, फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत माती फुगून त्या मिटतात, ते तुम्ही दरवर्षी पाहता. इथे पावसाचं काम ताण करतो. ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी 1975 मध्ये हा गुण उलगडून दाखवला, तेव्हा त्याला पोलादाची उपमा दिली होती. जुन्या पोर्सिलेनची वाकवून मोडण्याची ताकद शंभर मेगापास्कलच्या आसपास; या झिर्कोनियाची 900 ते 1200. तेव्हा कॅप मजबूत असते, यात काही फसवणूक नाही.

ती तयार कशी होते तेही सांगते, कारण भाव त्यातच दडलेला आहे. आम्ही कॅपसाठी दात मशीनने घासून लहान करतो, माप घेतो आणि ते नागपूरच्या लॅबला जातं. पहिल्यांदा मी ती लॅब पाहायला गेले, तेव्हा कारागिराने माझ्या हातावर एक पांढरी चकती ठेवली. बोट फिरवलं तर बोटाला शाळेतल्या खडूसारखी भुकटी लागली. या अर्धवट भाजलेल्या चकतीतून मशीन कॅप कोरतं आणि मुद्दाम पाव हिश्शाने मोठी कोरतं. मग ती जवळपास 1500 अंशांच्या भट्टीत तासन्‌तास भाजतात. कच्चं मडकं आव्यात आक्रसतं तशी ती आक्रसते आणि बरोबर दाताच्या मापाची होऊन बाहेर येते. कोरलेली आणि भाजलेली अशा दोन कॅपा त्याने शेजारी-शेजारी ठेवल्या. एक बोरासारखी, दुसरी चिंचोक्यासारखी. चिंचोक्यासारखी मी फरशीवर टाकून पाहिली. टणत्कार झाला, कॅपला काही झालं नाही.

भाजण्यात हयगय झाली तर मात्र हेच द्रव्य दगा देतं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात झिर्कोनियाचे गोळे बसवत असत. 2001 मध्ये परदेशात त्यातल्या काही घाण्यांचे गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले. उत्पादकाने भट्टी बदलली होती आणि कणांची घडण बिघडली होती. म्हणून मी स्वस्तातल्या झिर्कोनियाला भीत असते. चकती कुठली, भाजली कुठे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आता वॉरंटी कार्ड. ते कार्ड कॅपचं आहे, दाढेचं नाही. कॅप फुटली तर कंपनी नवी देईल. पण चांगल्या झिर्कोनियाची कॅप सहसा फुटतच नाही. माझ्याकडे कॅपची माणसं परत येतात ती बहुतेक एकाच कारणाने. कॅप शाबूत, आणि तिच्या काठाखाली, हिरडीशी, दाढ किडून मऊ पडलेली. झिर्कोनिया किडत नाही, तुमची दाढ किडते. मागे एक आजोबा आले होते. म्हणाले, "म्याडम, मले अशी पक्की टोपी लावून द्या का फुटाने खाता आले पायजे." मी त्यांना आरशात त्यांच्याच दाढेचा काठ दाखवला. तिथे सकाळच्या भाकरीचा थर अजून होता. आधी ब्रश हातात धरून शिकवला, कॅप पंधरा दिवसांनी लावली.

आणि एक चूक सांगते, माझी स्वतःची. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंना झिर्कोनियाची कॅप बसवली. चावताना जरा उंच लागत होती, म्हणून हिऱ्याचा लेप असलेल्या फिरत्या घासणीने वरून घासून उंची कमी केली आणि तशीच घरी पाठवली. पॉलिश केलं नाही. चार वर्षांनी त्या आल्या, तेव्हा कॅप जशीच्या तशी होती आणि तिच्यासमोरची वरची चांगली दाढ पाट्यासारखी सपाट झिजली होती. गार पाणी लागलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. झिर्कोनिया काचेसारखं गुळगुळीत केलेलं असेल तर समोरच्या दाताला त्रास देत नाही. खरबरीत राहिलं तर ती टाकी लावलेल्या जात्याची पाळू होते. तेव्हापासून निळ्या कागदावर चावा तपासून घासलेली प्रत्येक जागा रबराच्या चाकाने चकचकीत केल्याशिवाय मी रुग्णाला खुर्चीवरून उठू देत नाही. तुम्हीही कॅप बसली की त्यावर जीभ फिरवून पाहा. जिभेला कुठे खरखर लागली तर तिथेच सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न, खर्च करावा का? तुम्ही लिहिलंय खालची दाढ, पण कितवी ते लिहिलं नाही. अगदी मागची असेल, बोलता-हसताना दिसत नसेल, तर धातूची कॅप लावा आणि सात हजार बियाण्याला ठेवा. धातूच्या कॅपसाठी दाढ सगळ्यांत कमी घासावी लागते. माझ्या स्वतःच्या खालच्या शेवटच्या दाढेवर 2003 सालची धातूची कॅप आहे आणि आजही मी तिच्यावर रोडगे खाते. दिसणारी दाढ असेल तर धातूवरच्या सिरॅमिकपेक्षा मी झिर्कोनियाकडे झुकेन. त्या चार हजारवाल्या कॅपला धातू आणि वरचा थर मिळून दीड-दोन मिलिमीटर जागा लागते, म्हणजे दाढ तेवढी जास्त घासली जाते. झिर्कोनियाला एक मिलिमीटरच्या आसपास पुरते. शिवाय सिरॅमिकचा वरचा थर टवका उडून निघू शकतो. मात्र झिर्कोनिया घ्यायचं तर अखंड एकाच द्रव्याची कॅप मागा. वरून पोर्सिलेनचा थर चढवलेली झिर्कोनियाची कॅपही असते, तिचाही टवका उडतो. खोटे दागिने घालून तुमच्या घरात कुणाला खाज सुटत असेल, तर ती निकेलची असू शकते. धातूच्या कॅपमध्येही पुष्कळदा निकेल असतं, म्हणून ती घेणाऱ्याला तसा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

अंजनगाव सुर्जीहून एक सूनबाई विचारतात : सासूबाईंची झिर्कोनियाची कॅप सहा महिन्यांत दोनदा निघाली. दुसऱ्यांदा दिरांनी घरीच फेविक्विकने चिकटवली. आता ती वाकडी बसली आहे. झिर्कोनिया चिकटतच नाही का?

ताई, चिकटतं, पण त्याची रीत वेगळी आहे. जुन्या सिरॅमिकमध्ये काच असते. तिला आम्लाने बारीक खड्डे पाडले की सिमेंट तिथे धरून बसतं. झिर्कोनियात काच जवळपास नसतेच, म्हणून ते आम्ल तिथे निकामी ठरतं. त्यासाठी कॅपच्या आतून बारीक वाळूचा मारा करतात आणि झिर्कोनियाला धरणारं खास रसायन लावतात. यातली मेख अशी की तोंडात बसवून पाहताना कॅपला लाळ लागते, लाळेतलं फॉस्फेट झिर्कोनियावर घट्ट बसतं आणि मग त्या रसायनाला जागाच उरत नाही. नुसतं पाण्याने धुऊन ते निघत नाही. लाळ लागल्यावर कॅप नीट साफ केली होती का, हे डॉक्टरांना विचारा. दुसरं कारण दाढेचा खुंट आखूड असणं. आखूड खुंटावर कुठलीच कॅप टिकत नाही, मग खुंट बांधून वाढवावा लागतो. तिसरं म्हणजे आत पुन्हा लागलेली कीड. वास येत असेल तर बहुतेक तेच.

दिरांना सांगा, पुन्हा असं करू नका. त्या गोंदाने हिरडी भाजते आणि कॅप आतून खराब होते. वाकडी बसलेली कॅप लवकर काढून घ्या, नाहीतर त्या एका दाढेवर सगळा चावा पडत राहील. पुढे कधी कॅप सुटली तर डबीत घालून दवाखान्यात न्यायची, फेकायची नाही.

वणीहून एक वाचक : गुडघ्याचा एमआरआय करायचा आहे. तोंडात झिर्कोनियाच्या दोन कॅपा आहेत. चालेल का?

चालेल. झिर्कोनियाची कॅप सिरॅमिक आहे, चुंबक तिला ओढत नाही. तिथल्या माणसाला कॅपा असल्याचं फक्त सांगून ठेवा.

चंद्रपूर जिल्ह्यातला 27 वर्षांचा एक तरुण : अपघातात पुढचा एक दात गेला. इम्प्लांट बसवायचं आहे. टायटॅनियम धातू असल्याने शरीरात विष पसरतं असं ऐकलं. झिर्कोनियाचं इम्प्लांट मिळतं म्हणतात. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, पण दिवसाला चार-पाचच.

बाळा, तुझ्या वयाचा मुलगा मला आहे, म्हणून अरे-तुरे करते. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, त्यावर दात लावतात. टायटॅनियमचं विष पसरतं हे खरं नाही. हाड टायटॅनियमला अगदी जवळून धरून वाढतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि 1965 मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तेव्हापासूनचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. झिर्कोनियाच्या इम्प्लांटलाही हाड चांगलं धरतं. ते पांढरं असल्याने पातळ हिरडीतून करडी छटा दिसत नाही, आणि पुढच्या दातासाठी हा फायदा मोठा आहे. पण त्याचा अनुभव टायटॅनियमच्या मानाने फार थोड्या वर्षांचा आहे, बारीक जाडीचं असेल तर ते मोडू शकतं आणि पुष्कळदा ते एकसंध असल्याने बसवताना कोन चुकला की नंतर दुरुस्त करायला वाव कमी राहतो. माझं मत विचारशील तर स्क्रू टायटॅनियमचा आणि हिरडीतून वर येणारा भाग व कॅप झिर्कोनियाची. बऱ्याच ठिकाणी असंच करतात.

हे सगळं नंतर. चार-पाच खर्रे म्हणजे "चार-पाचच" नव्हेत. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम नीट भरत नाही आणि इम्प्लांट पडण्याचा धोका वाढतो. त्याहून मोठी गोष्ट सुपारीची. आत्ता पत्रावरून नजर काढ आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. जातात का? दोनच जात असतील, मसालेदार भाजीने तोंडाची आग होत असेल, गालाच्या आतून दोरीसारखे पट्टे हाताला लागत असतील, तर गालाखालची कातडी आखडत चालली आहे. असं तोंड माझ्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीनदा येतं. त्यातले कित्येक तुझ्याहून लहान असतात. अशा तोंडात मापाचा साचाच जात नाही, इम्प्लांट तर दूर. हा रोग पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात तोंड दाखव. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर याच आठवड्यात जा. मधल्या काळात काढता येणारा एक दात बसवून घे, चारचौघांत हसायची अडचण होणार नाही. खर्रा सुटला, हिरडी नीट झाली, की इम्प्लांटचं बोलू. मला पुन्हा लिही, मी वाट पाहीन.

केळापूर तालुक्यातून एक आई लिहितात : आमच्या गावात बहुतेकांचे दात पिवळे-तपकिरी आहेत. मुलगी 20 वर्षांची, तिच्या वरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत. स्थळं येतात आणि फोटो पाहून परत जातात. एका दवाखान्यात सांगितलं, वरच्या आठ दातांना झिर्कोनिया लावा, महिन्याभरात हिरोइनसारखे दात. सोनं मोडायची तयारी आहे. तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे.

ताई, तुमचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर होतं. सोनं मोडू नका.

हे डाग तुमच्या मुलीच्या आळसाचे नाहीत. तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात असं पाणी प्यायलं की वरच्या कवचाची घडण बिघडते आणि दात डागाळलेले निघतात. डाग कवचात असतात, म्हणून कुठल्याच पेस्टने जात नाहीत. पण त्या कवचाखाली तिचा दात जिवंत आणि भक्कम आहे. कॅप लावायची म्हणजे त्या दाताचा वर दिसणारा भाग निम्म्याहून अधिक घासून टाकायचा. विसाव्या वर्षी दाताची नस अजून मोठी असते, घासताना ती दुखावू शकते आणि मग एकेका दाताचं रूट कॅनल होत जातं. आठ चांगले दात आठ खुंट होतील. कॅपा कितीही पक्क्या असल्या तरी कधीतरी बदलाव्या लागतातच, आणि झिर्कोनियाची कॅप कापून काढणं मलाही घाम फोडतं. ती चाळिशीची होईल तेव्हा त्या खुंटांवर पुन्हा काय करायचं? रुग्णाला हे आधी न सांगणाऱ्याचा मला राग येतो.

पुढच्या दातांसाठी जे जास्त पारदर्शक, सुंदर झिर्कोनिया येतं, त्यात इट्रियम अधिक असतं. ते उजेड छान सोडतं, पण चीर दाबून धरण्याची ती ताकद त्यात बरीच कमी होते. "झिर्कोनिया म्हणजे अतूट" हे सगळ्या प्रकारांना सारखं लागू नाही.

तिच्यासाठी आधी हे करून घ्या. आम्ल आणि बारीक भुकटी लावून कवचाचा अगदी पातळ थर घासतात, त्याने वरवरचे तपकिरी डाग बरेच उतरतात. मग दवाखान्यातलं ब्लीचिंग. तरीही पट्टा उरला तर तेवढ्याच जागी दाताच्या रंगाचं कंपोझिट, म्हणजे भरायचं द्रव्य. या सगळ्यात दात जवळपास पूर्ण वाचतो, खर्च आठ कॅपांच्या मानाने बराच कमी येतो आणि पुढे कधी दुसरं काही करायची वाट मोकळी राहते. मी एका मुलीचे चार दात असेच केले. शेवटच्या दिवशी तिला आरसा दिला, तर तिने आधी ओठ मिटूनच पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. मग हळूच उघडले. पट्टे पूर्ण गेले नव्हते, एका दातावर फिकट सावली होती. तिला ती चालली.

आता धाकट्याकडे लक्ष द्या, कारण त्याचे काही दात अजून वाचवता येतात. पक्क्या दातांची कवचं साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात, म्हणजे तुमच्या हातात तीन वर्षं आहेत. ग्रामपंचायतीला सांगून तुमच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड निघालं तर ते पाणी त्याच्या पिण्यात आणि स्वयंपाकात नको. उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे ते आणखी दाट होतं. गावात फ्लोराइड काढणारं यंत्र किंवा दुसरी सुरक्षित विहीर असेल तर त्याच्यापुरती एक कळशी तरी तिथून आणत चला.